काचेच्या टाकीतला मत्स्यन्याय

शतपथ ब्राह्मणात मनूची गोष्ट येते. सकाळी हात धुवायला आणलेल्या पाण्यातून त्याच्या हातात एक इवलासा मासा येतो आणि थेट सौदा मांडतो : तू मला सांभाळ, मी तुला येणाऱ्या पुरातून तारीन. सांभाळू कसा, असं मनू विचारतो. मासा सांगतो की आम्ही लहान असतो तोवर आमच्या जिवाला फार धोका. मासाच माशाला खातो. म्हणून आधी मला घड्यात ठेव, घडा पुरेनासा झाला की खड्डा खणून त्यात ठेव आणि त्यातही मावेनासा झालो की समुद्रात सोड.

पुढचा पूर, नौका आणि माशाच्या शिंगाला बांधलेला दोर सगळ्यांना ठाऊक असतो. मासे पाळणाऱ्याच्या दृष्टीने मात्र गोष्टीचं सार सुरुवातीलाच येऊन गेलेलं आहे. लहान माशाला मोठ्यापासून वेगळा ठेवा आणि तो वाढेल तशी त्याची जागा वाढवा, या दोन अटी आजही कुठल्याही जाणत्या दुकानदाराच्या तोंडी असतात.

राजनीतीच्या ग्रंथांनी या वस्तुस्थितीला नावच देऊन टाकलं : मत्स्यन्याय. दंड धारण करणारा कुणी नसेल तर बलवान दुर्बलाला गिळतो, असं कौटिल्य अर्थशास्त्रात सांगतो. महाभारताच्या शांतिपर्वात राजाची गरज समजावताना भीष्मही पाण्यातल्या माशांचाच दाखला देतात. अराजक कसं दिसतं हे सांगायला परंपरेला माशांइतकं चपखल उदाहरण दुसरं सापडलं नाही. आणि आज ठाण्यातल्या किंवा नाशिकमधल्या एखाद्या फ्लॅटमध्ये, टीव्हीशेजारी दोन फुटी टाकी मांडून माणूस नेमका उलटा प्रयोग करू पाहतो. वेगवेगळ्या जातींचे लहान, शांत मासे एकाच पाण्यात ठेवायचे आणि कुणी कुणाला खायचं नाही. या छंदातले लोक तिला ‘कम्युनिटी टँक’ म्हणतात.

हा प्रयोग जमला तर ती अहिंसा कुणाची? माशांची, की टाकी मांडणाऱ्याची? आणि फसला तर पाप कुणाच्या खाती?

शनिवारी संध्याकाळी माशांच्या दुकानात एक संवाद हमखास कानावर पडतो. “हे सगळे एकत्र राहतील ना?” “राहतील की, सगळे शांत आहेत.” त्या पिशवीत बहुधा चार निऑन टेट्रा असतात, दोन एंजल, एक फायटर, एखादा गोल्डफिश आणि काच साफ करायला म्हणून एक सकर. दुकानातला एंजल रुपयाच्या नाण्याएवढा असतो, तेव्हा तो खरोखरच शांत दिसतो. काही महिन्यांत तो तळहाताएवढा होतो. निऑन जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा. एका सकाळी चारांतला एक निऑन दिसत नाही, आठवड्याने दुसरा. घरातले लोक फिल्टर उघडून बघतात, टाकीमागे पडला का म्हणून टॉर्च मारतात. निऑन एंजलच्या पोटात गेलेला असतो. दोघेही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, आणि तिथेही लहान मासे हा एंजलच्या आहाराचाच भाग आहे. एंजलने काही वेगळं केलेलं नाही. त्याचं तोंड तेवढं मोठं झालं, इतकंच.

आकार लहान म्हणून स्वभाव शांत, हाही असाच एक गैरसमज. केरळच्या पंबा नदीवरून शास्त्राला माहीत झालेला बुटका पफर जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो, पण इतर माशांचे पंख कुरतडण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. टायगर बार्ब दोन-तीनच ठेवले तर लांब पंखांच्या शेजाऱ्यांना सळो की पळो करून सोडतात. आठ-दहा एकत्र असले की त्यांची बरीचशी खोडी आपापसातच जिरते. नर फायटर दुसऱ्या नर फायटरला सहन करत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण मोठ्या शेपटीचा रंगीत गप्पी त्याला प्रतिस्पर्धी वाटू शकतो, हे फारसं कुणी सांगत नाही. उलट गोल्डफिश खरोखर गरीब स्वभावाचा. तरीही निऑनसोबत तो चालत नाही. त्याला थंड पाणी लागतं, तो घाण फार करतो आणि मोठा झाला की तोंडात मावेल ते गिळतो. स्वभावाचा इथे काही संबंधच येत नाही.

म्हणजे ‘शांत मासा’ हे माशाच्या शीलाचं वर्णन नसतंच. एका माशाचं तोंड, दुसऱ्याचं अंग, पाण्याचा प्रकार, कळपातली संख्या आणि उपलब्ध जागा यांचं गणित जमलं की जे उरतं, त्याला आपण शांतता म्हणतो. हे गणित मांडणारा एकच जण असतो आणि तो टाकीच्या बाहेर उभा असतो.

इथे एक जुना धर्मप्रश्न आपसूक पुढे येतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावरच्या एका आरोपाची सुनावणी आहे. जग ईश्वराने निर्माण केलं असेल तर कुणी सुखात, कुणी दुःखात, आणि सगळ्यांचा शेवटी संहार, हे कसं? असा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो. शास्त्राच्या भाषेत त्याच्यावर वैषम्य आणि नैर्घृण्य असे दोन दोष येतात. सूत्रकारांचं उत्तर असं की ईश्वर हे मनमानीने करत नाही, जीवांच्या कर्माच्या अपेक्षेने करतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दृष्टांत देतात. पाऊस भातावरही पडतो आणि जवावरही. पिकांतला फरक बियांमुळे पडतो, पावसामुळे नाही.

टाकीवाल्याला हा बचाव करता येत नाही. त्याने पाऊस पाडलेला नाही, बियाणं निवडलं आहे. एंजल आणि निऑन यांना एकत्र आणणारं पूर्वकर्म शोधायला लांब जायची गरज नाही, ते दुकानाच्या पावतीवर लिहिलेलं असतं. शिवाय पारंपरिक समजुतीनुसार पशुपक्ष्यांची योनी ही भोगयोनी आहे. ते जुनं कर्म भोगतात, नवं पाप जोडत नाहीत. वाघाला हरीण मारल्याचं पाप नाही, तसं एंजलला निऑन खाल्ल्याचं नाही. मग त्या काचेच्या चार भिंतींत जे घडतं त्याचं दायित्व घेऊ शकेल असा एकच जीव उरतो. कर्त्यावरचा आरोप जितका ईश्वराला टाळता येतो, तितका या छोट्या कर्त्याला येत नाही.

ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेव पसायदान मागतात, तेव्हा खळांचा नाश मागत नाहीत. त्यांचा वाकडेपणा जावा आणि सगळ्या जीवांत मैत्री व्हावी, एवढंच मागणं आहे. कुणालाही वगळायचं नाही, सगळ्यांना बदलायचं, असा तो मार्ग आहे. जैन परंपरेतली चंडकौशिक नागाची कथाही त्याच वाटेची. ज्याच्या नजरेतही विष होतं असा तो नाग महावीरांच्या बोधाने शांत होतो आणि पुढे स्वतःचं शरीर मुंग्यांनी पोखरलं तरी फणा उगारत नाही. टाकीवाल्याला असा चमत्कार करता येत नाही. तो एंजलला उपदेश करू शकत नाही, टायगर बार्बचं हृदयपरिवर्तन घडवू शकत नाही. त्याच्या हाती फक्त निवड आहे. त्याच्या टाकीतली मैत्री ही वगळण्यातून आलेली मैत्री असते आणि पसायदानाच्या पासंगालाही ती पुरत नाही. हे मान्य केलं की तिच्याकडे अधिक प्रामाणिकपणे पाहता येतं.

या निवडीचं मोल नेमकं कशाने ठरतं? उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात हिंसेची जी व्याख्या आहे ती इथे फार उपयोगी पडते. केवळ जीव जाणं म्हणजे हिंसा, असं ती म्हणत नाही. प्रमादाच्या योगाने, म्हणजे असावधपणे वागून, प्राणहानी करणं म्हणजे हिंसा. मज्झिम निकायातल्या उपालिसुत्तात याच विषयावर बुद्ध आणि निर्ग्रंथांचा, म्हणजे जैनांचा, अनुयायी उपाली यांच्यात वाद होतो. निर्ग्रंथांच्या मते शरीराने घडलेलं कर्म सर्वांत भारी, बुद्धांच्या मते मनाचं. एंजल-निऑनच्या पिशवीला दोन्ही मापं लावून पाहता येतात. विकत घेणाऱ्याच्या मनात निऑनबद्दल वाईट काहीच नव्हतं, उलट कौतुकच होतं. मनाच्या मापाने तो सुटतो. प्रमादाच्या मापाने नाही सुटत, कारण एंजल किती वाढतो हे विचारणं त्याला सहज शक्य होतं.

टाकीतली बहुतेक हिंसा याच जातीची असते. कुणी माशांना मारायला मासे आणत नाही. ते मरतात ते बहुधा पहिल्या महिन्यात, आणि त्याचं कारण बाहेरून दिसत नाही. माशांच्या विष्ठेतून, श्वसनातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया जमतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक, नायट्रेट त्यामानाने बरंच सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करतात आणि ती वस्ती उभी राहायला चार-सहा आठवडे लागतात. सकाळी टाकी आणून संध्याकाळी पंधरा मासे सोडणारा माणूस त्यांना पारदर्शक दिसणाऱ्या विषात सोडत असतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन वेगळंच. आणि महिन्याने टाकी ‘स्वच्छ’ करायची म्हणून स्पंज नळाखाली खसाखसा धुतला की ती वस्तीही गेली. अहिंसेची साधना करणाऱ्याला इथे रसायनशास्त्राचा धडा चुकवता येत नाही.

पाण्याचंही तेच. निऑन आणि कार्डिनल टेट्रा मृदू, किंचित आम्ल पाण्यातले. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना क्षार असलेलं, जड पाणी मानवतं. मुंबईला धरणातलं मृदू पाणी येतं. दख्खनच्या पठारावर बोअरचं पाणी बहुधा जड असतं. नगरकडच्या बोअरवर गप्पी-प्लॅटींची टाकी जितकी सहज फुलेल, तितकी निऑनची नाही. दोन फुटी टाकीत, म्हणजे साधारण पंचावन्न लिटर पाण्यात, मधल्या थरात आठ-दहा निऑन, तळाशी सहा कोरीडोरास आणि वर हनी गोरामीची एक जोडी, अशी मांडणी कित्येकांकडे वर्षानुवर्षं नीट चालते, कारण तिघांचे थर वेगळे, तोंडं लहान आणि पाण्याची आवड जवळपास सारखी. हनी गोरामी तर ईशान्य भारत आणि बांगलादेशचा, म्हणजे आपल्याच उपखंडातला.

संख्येबाबत मात्र आपली माणुसकीच आडवी येते. गिऱ्हाईक दुकानात जाऊन म्हणतं, “प्रत्येकाची एक-एक जोडी द्या.” जोडी म्हणजे संसार पुरा झाला, असा हा हिशेब. निऑनला किंवा कोरीडोरासला जोडी पुरत नाही. कळप हे त्यांचं कवच असतं. दोघेच असले की ते कोपऱ्यात दडतात, रंग फिका पडतो. दहा प्रकारच्या दहा जोड्यांपेक्षा एकाच प्रकारचे दहा निऑन त्यांच्यासाठी बरे. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांना विविधता हवी असते आणि दुकानातला निर्णय बहुधा डोळेच घेतात.

कोपऱ्यात दडलेला निऑन घाबरलेला आहे, हे आपल्याला कसं कळतं? चीनच्या च्वांग्झने हा प्रश्न दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका पुलावर उभा केला. खाली फिरणारे मासे आनंदात आहेत, असं तो म्हणाला; मित्र हुईझ म्हणाला, तू मासा नाहीस, तुला काय ठाऊक? च्वांग्झचं प्रत्युत्तर असं की तू तरी मी नाहीस, मग मला ठाऊक नाही हे तुला कसं ठाऊक? हा वाद अजून मिटलेला नाही, फक्त त्याला प्रयोगशाळा मिळाली आहे. 2003 मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या तोंडाभोवती इजेची जाणीव घेणारे मज्जातंतू दाखवले. ओठांना दाहक द्रव्य टोचल्यावर ते मासे खायचे थांबले, काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले. मेंदूची विशिष्ट रचना नसताना याला वेदना म्हणता येणार नाही, असं काही शास्त्रज्ञ अजूनही मानतात. टाकीवाल्याला हा वाद निकाली निघण्याची वाट पाहता येत नाही. त्याला उद्या पाणी बदलायचं असतं. वेदना असेल असं धरून चाललं आणि ती नसली, तर त्याचे काही पैसे आणि थोडा वेळ वाया जातो. नाही असं धरलं आणि ती असली, तर नुकसान माशांचं होतं.

सगळं जमलं तरी एक मूळ आक्षेप उरतोच. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे जे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत त्यांत पहिला बंध : जिवाला बांधून, कोंडून ठेवणं. काचेची टाकी कितीही प्रशस्त असली तरी हा अतिचार पुसला जात नाही. बौद्ध परंपरेत उपासकाने टाळायच्या पाच व्यापारांत जिवंत प्राण्यांचा व्यापारही येतो. म्हणजे दोन्ही श्रमण परंपरांच्या काटेकोर दृष्टीने पाहिलं तर विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात. मनूलाही मासा घड्यात ठेवावा लागला, पण शेवटी त्याने तो समुद्रात सोडला.

व्यापाराचा निवाडा मात्र एका वाक्यात होत नाही. ब्राझीलमधल्या रिओ नेग्रो नदीकाठी बार्सेलोस नावाचं गाव आहे. तिथली अनेक कुटुंबं होड्यांतून जाऊन हातजाळ्यांनी कार्डिनल टेट्रा पकडतात. पुरानंतर पाणी ओसरताना यांतले असंख्य मासे एरवीही मरतातच. मासेमारीतून पोट भरत असल्याने जंगल तोडण्याची किंवा खाणीकडे वळण्याची गरज कमी होते, असं तिथे काम करणाऱ्या ‘प्रोजेक्ट पियाबा’चं म्हणणं आहे. दुसरीकडे आपल्याच पश्चिम घाटातला डेनिसन बार्ब. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या मोजक्या नद्यांत राहणारा, लाल-काळ्या पट्ट्यांचा हा सुंदर मासा ‘मिस केरळ’ म्हणून जगभर गेला आणि हौसेच्या बाजाराने त्याला संकटग्रस्त जातींच्या यादीत नेऊन बसवलं. एकच कृती, नदीतून मासा काढण्याची. एका काठावर ती जंगल राखायला मदत करते, दुसऱ्या काठावर नदी रिकामी करते. निऑन टेट्रा तर आज बहुतांशी शेततळ्यांत आणि हौदांत पैदास केलेला असतो. त्याला ॲमेझॉन ठाऊकच नाही.

मग सोडून द्यावं का? इथे दया सर्वांत जास्त घोळ घालते. काच साफ करायला आणलेला सकर दीड फुटापर्यंत वाढतो. टाकीत मावेनासा झाला की एखादा दयाळू माणूस त्याला तळ्यात ‘मोकळं’ करतो. दक्षिण अमेरिकेतला हा चिवट मासा आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत आणि आंध्रातल्या जलाशयांत ठाण मांडून आहे. मच्छीमारांची जाळी फाडतो, स्थानिक माशांची जागा बळकावतो. एका जिवाचा बंध सुटतो आणि हजारोंच्या वाट्याला नवा मत्स्यन्याय येतो. पुण्य मिळावं म्हणून पशुपक्षी आणि मासे सोडण्याची प्रथा पूर्व आशियात जुनी आहे. तिथेही परदेशी जाती पाण्यात जाऊ नयेत, म्हणून आता अनेक बौद्ध संस्थाच सावध करू लागल्या आहेत.

घरच्या टाकीतली दयाही अशीच कात्रीत सापडते. गप्पीची मादी साधारण दर महिन्याला वीस-तीस जिवंत पिल्लं देते आणि संधी मिळाली तर त्यांतली स्वतःच खाते. पिल्लं वाचवायला पाळणारा जाळीचा डबा लावतो. तीन महिन्यांत ती पिल्लं स्वतः विऊ लागतात, टाकीतला अमोनिया चढतो आणि वाचवलेल्यांसकट सगळेच तडफडू लागतात. जाणते लोक म्हणून फक्त नर ठेवतात किंवा आईला तिचं काम करू देतात. यातला कुठलाही पर्याय निष्कलंक नाही. फायटरला दिलेल्या अळ्या आणि सगळ्यांना मिळणाऱ्या फ्लेक्समधलं माशांचं पीठ विसरून तर चालणारच नाही. टाकीतली शांतता ही निवडलेल्यांपुरती शांतता असते. तिचा खर्च काचेबाहेरचे भरतात.

पाच अतिचारांत शेवटचा आहे अन्नपाननिरोध, म्हणजे जिवाचं खाणं-पिणं अडवणं. गोठ्यातल्या जनावराबाबत त्याचा अर्थ स्वच्छ आहे. टाकीत मात्र दिवाळी आली की तो उलटा होतो. घरचे चार-सहा दिवस गावी जातात आणि शेजारच्यांना सांगून जातात, “तेवढं माशांना खायला घाला.” शेजारच्या काकूंना मासे काचेशी येऊन तोंडं उघडताना दिसतात, त्यांचा जीव कळवळतो आणि डबीतून चिमूट नाही, मूठ पडते. न खाल्लेलं खाद्य सडतं, पाणी दुधाळ होतं आणि घरचे परततात तेव्हा निऑन तरंगत असतात. काकूंच्या मनात करुणेशिवाय दुसरं काहीच नव्हतं. बुद्धांच्या मापाने त्या निर्दोष आहेत. प्रमाद झालाच असेल तर किल्ली देऊन जाणाऱ्याचा, कारण धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही, हे त्यालाच माहीत असायला हवं होतं. म्हणून मुरलेला पाळणारा निघायच्या आधी अर्धं पाणी बदलतो, दिव्याला टायमर लावतो आणि खाद्याची डबी कपाटात ठेवून कपाटाला कुलूप घालतो. शेजाऱ्यांना फारच वाईट वाटणार असेल तर गोळ्यांच्या पुडीसारख्या कागदी पुड्या करून, एक दिवसाआड एक, अशा दोनच त्यांच्या हातावर ठेवतो.